३.२८ की १०.७६? लांबीचा गुणक आणि क्षेत्रफळाचा गुणक

मीटरचे फूट करायचे तर ३.२८ ने गुणावे, हे अनेकांना तोंडपाठ असते. आणि नेमके हेच पाठांतर चौरस मीटरचे चौरस फूट करताना दगा देते. ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोलीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर भरते. त्याला ३.२८ ने गुणले, तर उत्तर सुमारे ३९ चौरस फूट येते, म्हणजे जेमतेम एक डबलबेड मावेल एवढी जागा. खरे उत्तर १२९ चौरस फूट आहे.

असे का होते, हे फरश्या मांडून पाहिले की डोळ्यांना दिसते. जमिनीवर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखावा आणि त्यात एक फूट बाजूच्या फरश्या लावत जाव्यात. एका ओळीत तीन फरश्या अख्ख्या बसतात आणि साडेआठ सेंटीमीटरांहून किंचित जास्त जागा उरते. अशा तीन ओळी झाल्या की नऊ फरश्या लागलेल्या असतात. उरलेल्या जागेत दोन कडांना तीन फूट लांबीच्या दोन अरुंद पट्ट्या आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन असतो. दोन्ही पट्ट्यांना मिळून १.६८५ फरशी लागते, कोपऱ्याला ०.०७९, आणि सगळ्याची बेरीज १०.७६४ होते. फूट आणि मीटर यांतील फरक लांबीत एकदा आणि रुंदीत पुन्हा एकदा मोजला जातो, म्हणून क्षेत्रफळाचा गुणक हा लांबीच्या गुणकाचा वर्ग असतो. इंच २.५४ सेंटीमीटरांचा, तर चौरस इंच ६.४५१६ चौरस सेंटीमीटरांचा, मैल १.६०९ किलोमीटरांचा, तर चौरस मैल सुमारे २.५९ चौरस किलोमीटरांचा.

एकर आणि हेक्टर यांच्या बाबतीत मात्र उलट चूक संभवते. वर्ग करण्याचा नियम नव्याने कळलेला माणूस उत्साहाच्या भरात हेक्टरचे एकर करण्याच्या २.४७१ या गुणकाचाही वर्ग करून मोकळा होतो. या दोन शब्दांच्या पोटातच क्षेत्रफळ आहे: हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, एकर म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, अर्थात ४३,५६० चौरस फूट किंवा सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यामुळे हेक्टरचे एकर करताना २.४७१ ने एकदाच गुणायचे असते. एकरचा आकडा असा आडवळणी दिसतो, कारण तो २२ यार्ड रुंद आणि २२० यार्ड लांब पट्ट्यावरून आलेला आहे. त्यातले २२ यार्ड म्हणजे भूमापनातली एक साखळी. चौकोनी हेक्टरची बाजू १०० मीटर असते आणि चौकोनी एकरची सुमारे ६३.६ मीटर, म्हणजे हेक्टर अडीच एकरांच्या जवळपास असूनही त्याची बाजू एकराच्या बाजूच्या दीडपटीहून थोडीच जास्त आहे.

शब्दांची जागा बदलली तरी हाच घोटाळा होतो. ‘५ चौरस मीटर’ आणि ‘५ मीटर चौरस’ यांत पाचपट अंतर आहे, कारण दुसऱ्याचा अर्थ प्रत्येक बाजू ५ मीटर, म्हणजे २५ चौरस मीटर.

राहिला प्रश्न दशांशस्थळांचा. ३.२८ चा वर्ग १०.७५८४ येतो, १,००० चौरस मीटरांवर या आकड्याने साडेपाच चौरस फूट कमी भरतात, म्हणून गुणक आधी अचूक घ्यावा आणि पूर्णांकन सर्वांत शेवटी करावे. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार यार्ड ०.९१४४ मीटर ठरला, त्यामुळे फूट नेमका ०.३०४८ मीटर आणि चौरस फूट नेमका ०.०९२९०३०४ चौरस मीटर आहे. अमेरिकेत मात्र जमीनमोजणीसाठी १२००/३९३७ मीटरचा जुना ‘सर्व्हे फूट’ २०२२ अखेरपर्यंत अधिकृत होता. दोन फुटांमधला फरक दहा लाखांत दोन भागांचा; क्षेत्रफळात तोही दुप्पट होतो आणि एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ४ चौरस मीटर भरतो.