फिनलंडची ‘बर्फातली मशीनगन’: एक खुलासा

१९३९-४० मध्ये सोव्हिएत संघ आणि फिनलंड यांच्यात झालेल्या हिवाळी युद्धाचा विषय निघाला की एक दावा हमखास ऐकू येतो: फिनलंडची लाहती-सालोरांता एम/२६ ही हलकी मशीनगन खास बर्फासाठी घडवलेली, म्हणून रशियन बंदुका गोठल्या तरी ती चालत राहिली. ऐकायला छान आहे, पण घडलं जवळजवळ उलट.

आइमो लाहती आणि अर्वो सालोरांता यांची ही बंदूक नेमबाजीत अचूक होती, यात वाद नाही. अडचण तिच्या पोटात होती. सुटे भाग भरपूर, एकमेकांत घट्ट बसलेले. १९३९-४० च्या कडाक्यात पारा उणे ४० च्या आसपास गेला, वंगण घट्ट झालं की ती अडकायची. उघड्यावर, गारठलेल्या बोटांनी ती खोलून साफ करणं म्हणजे शिक्षाच. त्यात मॅगझिनमध्ये गोळ्या फक्त २०.

समोरच्या सोव्हिएत देग्त्यारोव्ह डीपी या हलक्या मशीनगनची रचना साधी, आणि वरच्या थाळीसारख्या मॅगझिनमध्ये ४७ गोळ्या. फिन सैनिकांनी त्या हाती लागतील तशा उचलल्या आणि वापरल्या. काडतुसांची अडचण नव्हती. दोन्ही सैन्यांच्या रायफली मोसिन-नागांत या एकाच रशियन घराण्यातल्या आणि या मशीनगनही रायफलीच्याच गोळ्या झाडत, त्यामुळे गोळ्या अदलाबदल करता येत. पुढे सोव्हिएत संघाशीच झालेल्या १९४१-४४ च्या युद्धात फिन सैन्यात स्वदेशी मशीनगनपेक्षा या शत्रूकडून मिळालेल्याच जास्त झाल्या!

मग रशियनांना रोखलं ते काय जादूने? स्की, जंगलाची माहिती आणि वेढा घालून तुकडे पाडण्याचे डावपेच यांचा त्यात मोठा वाटा होता.