मरीन टँकमधलं शेवाळ आणि चिकटा : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

एप्रिल-मे आला की दुकानात पाय ठेवणाऱ्या मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवाळाचं औषध आहे का?" औषध आहे. पण बाटली काढायच्या आधी आम्ही उलट विचारतो, टँकमध्ये वरून पाणी कुठलं घालता?

मराठवाड्याला समुद्र नाही, आणि गोडं पाणीही मोजूनमापून. छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. मग बोअर, टँकर, नाहीतर जार. कोरलच्या (प्रवाळाच्या) टँकची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. टँकमधून उडून जातं ते निव्वळ पाणी. मीठ आणि शेवाळाचं खाद्य असलेलं नायट्रेट, फॉस्फेट सगळं मागे उरतं. आपला उन्हाळा कोरडा, त्यात पाणी गार राहावं म्हणून वर पंखा लावलेला. दोनशे लिटरच्या टँकमधून दिवसाला चार लिटर पाणी सहज उडतं. ते तुम्ही बोअरच्या पाण्याने भरून काढलं असं धरा. शेतातला युरिया झिरपून बोअरमध्ये नायट्रेट उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, आपण ४० धरू. महिन्याच्या १२० लिटरमधून ४,८०० मिलिग्रॅम टँकमध्ये गेलं, म्हणजे माशांना एक दाणाही न टाकता नायट्रेट २४ पीपीएमने (लिटरला २४ मिलिग्रॅमने) वाढलं. कोरलच्या टँकला २ ते १० पीपीएम पुरे.

"आम्ही तर आरओचंच घालतो," असंही बरेच जण म्हणतात. घरच्या आरओला बहुतेक वेळा एक छोटी चावी असते. पाण्याला चव यावी म्हणून ती गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा, पन्नास-साठचा आकडा येईल. प्यायला उत्तम, टँकला नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची नळी जोडली की आकडा शून्यावर येतो. बोअरचं पाणी जड असेल तर रेझिन लवकर संपतं. मीटरवर दोन-तीन दिसू लागले की बदला. जारच्या पाण्यावर आमचा भरवसा नाही, आज चाळीस तर उद्या दीडशे.

आता टँकमध्ये नक्की काय उगवलंय ते बघू.

टँक नवा आहे, महिना-दीड महिना झालाय आणि वाळूवर तपकिरी भुकटी बसली आहे? ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातं. काही विकत घेऊ नका.

दगडावर हिरवे केस उगवलेत? हातानं उपटा, जुन्या टूथब्रशनं घासा, सुटलेलं सगळं नळीनं ओढून बाहेर काढा. टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी उरलेलं बारीक चरतात, लांब केसांना मात्र त्या तोंड लावत नाहीत. दिवे आठ तासांवर आणा. फ्रोझन खाद्य वितळलं की वरचं पाणी फेकून द्या. हिरवे फुगे (हेही शेवाळच) दिसले तर टँकमध्ये फोडू नका, अख्खे काढा.

लालसर-जांभळी बुळबुळीत चादर, बोट लावलं की सायीसारखी निघणारी, ती सायनो (सायनोबॅक्टेरिया). नाव शेवाळात जातं, पण हे बॅक्टेरिया आहेत. पाणी जिथे थबकतं आणि खाद्य साचतं तिथे ही जमते. वेव्हमेकरचं (पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, चादर ओढून काढा आणि तीन दिवस टँक काळ्या कापडानं झाका. या तीन दिवसांत एअर पंप चालूच राहिला पाहिजे, कारण मरणारी सायनो पाण्यातला ऑक्सिजन खाते. लाईटचा भरवसा नसेल तर पंप इन्व्हर्टरवर घ्या. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून टाकणारे आम्हाला माहीत आहेत. सायनो जाते खरी, पण अमोनिया पचवणारे बॅक्टेरियाही सोबत जाऊ शकतात.

शेवटचं दुखणं आम्ही स्वतः ओढवून घेतलेलं. दुकानातला शोटँक आरशासारखा दिसावा म्हणून आम्ही फॉस्फेट काढणारं रेझिन ठासून भरलं. टेस्टमध्ये नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आम्ही खूश. पंधरा दिवसांत कोरलवर तपकिरी शेंबडासारखे तंतू लोंबू लागले, प्रत्येकाच्या टोकाला हवेचा बुडबुडा. गोगलगायी उलट्या पडू लागल्या. हे डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. टँकमध्ये खायला काहीच उरलं नाही की बाकीचं शेवाळ मरतं आणि यांना रान मोकळं मिळतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. थोडा चिकटा टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कागदातून गाळा आणि खालचं पाणी तासभर उजेडात ठेवा. तंतू पुन्हा जमले तर डायनो समजा. आम्ही रेझिन काढलं, खाद्य वाढवलं, नायट्रेट पाचाच्या आसपास येऊ दिलं, यूव्ही (अतिनील) दिवा लावला. दोन महिने गेले. तेव्हापासून कुणी "फॉस्फेट शून्य आलं" असं आनंदानं सांगितलं की आम्हाला धडकी भरते. ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या.

पाणी तपासायला आणताना दोन बाटल्या आणा: एक टँकच्या पाण्याची, सकाळी दिवे लागायच्या आधी भरलेली, दुसरी, तुम्ही वरून घालता त्या पाण्याची. दुसरी लोक हमखास विसरतात, आणि आम्ही आधी तीच तपासतो.