टिंब गाळून वाचणारं यंत्र

‘चांगले विचार करा, जनुकं बदलतील, एपिजेनेटिक्सनं सिद्ध केलंय’ असे मेसेज फिरत असतात. जनुकाची अक्षरं विचारांनी बदलत नाहीत. बदलू शकतात त्या अक्षरांवरच्या खुणा (त्यांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स), आणि त्या वाचणं फार कटकटीचं असतं.

‘मद’वर टिंब दिलं की ‘मंद’ होतो. डीएनएतल्या सी या अक्षरावर, म्हणजे सायटोसीनवर, असंच एक टिंब बसतं: मिथाइल गट. जनुकाच्या आरंभी अशी टिंबं दाटली की ते जनुक सहसा गप्प बसतं. नेहमीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीनं वाचणं, मात्र टिंब गाळूनच वाचतं.

यावरची युक्ती १९९२ साली आली: सोडियम बायसल्फाइट. कोल्हापूरच्या आसपासच्या साखर कारखान्यांत रस उजळायला गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. तो पाण्यात विरघळला की बायसल्फाइटच तयार होतं. बिनटिंबाच्या सीचं ते युरॅसिल हे वेगळंच अक्षर करतं आणि पीसीआरनंतर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढल्यावर, तिथं टी हे अक्षर वाचलं जातं. टिंबवाला सी मात्र सीच राहतो.

गोम अशी की डीएनए दुपेडी असतो आणि बायसल्फाइट फक्त सुट्या धाग्यावर चालतं. म्हणून डीएनए आधी ९५ अंशांच्या वर तापवून उसवायचा, मग आम्लधर्मी द्रावणात ५० ते ५५ अंशांवर रात्रभर ठेवायचा, शेवटी अक्षराला चिकटलेला बायसल्फाइटचा अंश (सल्फोनेट) अल्कलीनं काढायचा. मध्येच धागे पुन्हा जुळले तर तिथला सी तसाच राहतो आणि नसलेलं टिंब दिसू लागतं. वेळ वाढवावा, तर डीएनएचे तुकडे पडतात. बायसल्फाइट हवेनं खराब होतं; पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली सरळ टाकून द्यावी. पीसीआरला पीएफयूसारखं प्रती काढणारं चोखंदळ एन्झाइम घेतलं तर ते युरॅसिलपाशी अडतं. काम नीट झालं का हे कळावं म्हणून नमुन्यात लॅम्डा फाज या जिवाणूंवरच्या विषाणूचा थोडा टिंबरहित डीएनए मिसळायचा. त्यातले ९९ टक्क्यांहून कमी सी बदलले, तर ती खेप बाद.

इतकी काटेकोरी कशाला? नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या उपासमारीच्या काळात गर्भात आलेल्यांचं आयजीएफ२ हे वाढीशी संबंधित जनुक साठेक वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यावर सरासरी ४८.८ टक्के टिंबं निघाली. गर्भात ती उपासमार न सोसलेल्या त्यांच्या भावंडांत ५१.५. रसायनात दोन-तीन टक्क्यांची चूक झाली की असा फरक त्यातच बुडतो.

नमुना रक्ताचा असेल तर आणखी एक खोड आहे. प्रत्येक प्रकारच्या पेशीत टिंबांची मांडणी निराळी असते. तापात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्या की एकाही पेशीतलं टिंब न हलता सरासरी सरकते. त्यामुळे जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की त्यातूनच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही करून ठेवावी.