‘बॅकस्टेजला कसली आलीय पदवी?’

नाट्यशिक्षण म्हणजे अभिनय आणि बाकीचं काम हमालीचं, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवीधरांसाठीच्या 3 वर्षांच्या अभ्यासक्रमात रंगतंत्र आणि आरेखन हा स्वतंत्र विशेष विषय घेता येतो.

तिथे शिकायचं काय? हिशोब, आधी हिशोब. 1000 वॉटचा ‘पार’ (PAR, रंगमंचावरचा झोताचा दिवा) 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर ओढतो. 15 अँपिअरच्या सॉकेटवर तीन चालतात. चौथा जोडला की बेरीज 17च्या वर जाते. फ्यूज लगेच उडेलच असं नाही, आधी वायर तापते. त्यातून ती वायर गुंडाळलेलीच ठेवली असेल तर उष्णता आतच कोंडते आणि आवरण वितळतं. हे प्रयोगाच्या मध्यंतरात समजून उपयोग नाही. दिव्याचं अंतर 4 मीटरवरून 8 केलं की प्रकाश निम्मा होत नाही, पावपट उरतो.

नेपथ्याचा आराखडा 1:25 किंवा 1:50 प्रमाणात काढतात. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून रेषा ओढली की विंगेतलं काय दिसतंय ते कागदावरच कळतं. दौऱ्याच्या नाटकाला ही रेषा प्रत्येक नाट्यगृहात नव्याने ओढावी लागते, कारण रंगमंचाची रुंदी सगळीकडे सारखी नसते.

हात बसतो तो मात्र प्रयोगांवरच.