फ्लेमप्रूफ विद्युत उपकरणे

ज्वलनशील वायू किंवा वाफ हवेत मिसळण्याची शक्यता असलेल्या जागी वापरण्यासाठी खास बांधणी केलेल्या मोटर, स्विच, दिवे, जंक्शन बॉक्स इत्यादी. कारखान्यात यांना सरसकट ‘एफएलपी’ म्हणतात. तेलशुद्धीकरण कारखाने, औषध व रसायन उद्योग, कोळसा खाणी, पेट्रोल पंप येथे ती लागतात. महाराष्ट्रात साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांतही ती अत्यावश्यक आहेत. इथेनॉल सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बाराही महिने. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने केबलच्या चरांत आणि पंपाच्या खड्ड्यांत साचून राहते.

फ्लेमप्रूफ पेटी, म्हणजे उपकरणाचे बाहेरचे आवरण, हवाबंद असते, हा सर्वांत घातक गैरसमज. मोटर चालते तेव्हा तापते, थांबली की थंड होते, आणि त्या फेऱ्यात बाहेरची हवा वायूसकट आत ओढली जाते. आत ठिणगी पडली तर स्फोट होणारच, हे गृहीत धरून पेटी बनवलेली असते. आतला दाब वातावरणाच्या सात-आठ पट चढू शकतो. तो सोसण्यासाठी जाड ओतीव कवच आणि भरपूर बोल्ट असतात. झाकण आणि पेटी यांच्या रुंद, घासून सपाट केलेल्या कडांमध्ये केसाएवढी फट राहते. तापलेले वायू तिच्यातून बाहेर पडताना धातूला उष्णता देतात आणि बाहेरचे मिश्रण पेटवण्याइतके गरम उरत नाहीत. खाणकामगारांसाठी १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी केलेल्या जाळीच्या दिव्यातही ज्योत धातूनेच थंड होत असे.

फट किती चालेल हे वायूवर ठरते. प्रमाणित चाचणीत मिथेनची ज्योत सुमारे १.१ मिमी फटीपर्यंत अडते, इथिलीनची सुमारे ०.६५, तर हायड्रोजनची जेमतेम ०.३ मिमीपर्यंत. प्रत्यक्ष उपकरणात याहूनही कमी फट ठेवतात. यावरूनच गट पडले: खाणींसाठी १, इतरत्र प्रोपेनसारख्यांसाठी २ए, इथिलीनसाठी २बी, हायड्रोजन व ॲसिटिलीनसाठी २सी. २ए गटाची पेटी हायड्रोजनच्या जागी लावणे म्हणजे ती न लावण्यासारखेच आहे. पृष्ठभागाच्या तापमानाचे वर्ग वेगळे: टी१ म्हणजे कमाल ४५० अंश, टी४ म्हणजे १३५, टी६ म्हणजे ८५.

जागेचेही वर्गीकरण होते. भारतात त्यासाठी आयएस ५५७२ हे मानक आहे. झोन ० मध्ये स्फोटक मिश्रण सतत वा दीर्घकाळ असते, झोन १ मध्ये नेहमीच्या कामात अधूनमधून, झोन २ मध्ये क्वचित आणि थोडा वेळ. फ्लेमप्रूफ पेटी मुख्यतः झोन १ साठी. टाकीच्या आत, म्हणजे झोन ० मध्ये, ‘इंट्रिन्सिकली सेफ’ पद्धत लागते: परिपथात ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की तार तुटली तरी ठिणगी पेटवू शकणार नाही. हायड्रोजनला पेटायला ०.०२ मिलिजूल पुरतात, यावरून ही मर्यादा किती कडक आहे ते कळेल. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड खाणीच्या स्फोटात ४३९ खाणकामगार आणि बचावपथकातला एक जण मृत्युमुखी पडला. संशय विजेच्या संदेशघंटेवर होता. ‘इंट्रिन्सिकली सेफ’ पद्धतीमागचे संशोधन त्या काळातलेच.

भारतात पेट्रोलियमच्या जागांसाठी ‘पेसो’ (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) या केंद्रीय संघटनेची मान्यता लागते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. चाचण्या धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेतही होतात. २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेने जागा घेईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६अ नुसार ज्वलनशील वाफ असू शकेल अशा टाकीत वा खड्ड्यात फ्लेमप्रूफ बांधणीचाच दिवा नेता येत असे.

प्रमाणपत्र मिळते ते नव्या पेटीला. संरक्षण टिकते ते फिटरच्या हातून. चार बोल्टपैकी एक लावायचा राहिला, गंजलेली कड पान्याने खरवडली, पाणी शिरते म्हणून मध्ये साधे रबर घातले किंवा कडेवर रंग मारला, की पेटी दिसायला तीच असते, पण तिचा भरवसा उरत नाही. न वापरलेल्या केबल-छिद्राला प्रमाणित प्लगच हवा. तिथे कापडाचा बोळा किंवा एम-सील चालत नाही. फ्लँजसमोर, म्हणजे झाकण-पेटीच्या जोडकडांसमोर, भिंत वा पोलादी खांबही फार जवळ नको: २ए साठी किमान १० मिमी, २बी साठी ३०, २सी साठी ४० मिमी अंतर लागते, कारण बाहेर पडणाऱ्या वायूंना अडथळा झाला तर ते पुरेसे थंड होत नाहीत. मोटर रिवाइंडिंगला गेली आणि तिथे झाकण लेथवर घासले गेले, तर फटीचे माप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा तपासल्याखेरीज ती जागेवर बसवू नये.