ब्रिटल स्टारच्या अंगावर हजारो डोळे? नाही हो

कॅरिबियन समुद्रातल्या ओफिओकोमा वेंडटाय या ब्रिटल स्टारच्या (तारामाशाचा लांब, बारीक हातांचा नातेवाईक) अंगावर कॅल्साइट या खनिजाच्या हजारो भिंगांचा एक मोठा डोळा असतो, ही गोष्ट अजून सगळीकडे फिरतेय. हे कुठून आलं तर 2001 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक पेपर आला, त्यात हातांच्या सांगाड्यावरचे बारीक फुगवटे प्रकाश छान फोकस करतात असं दाखवलं होतं, आणि ते खरंच आहे, पण तो साफ केलेला नुसता सांगाडा होता! जिवंत प्राण्यात हे फुगवटे त्वचेखाली गाडलेले असतात. 2018 मध्ये लॉरेन समनर-रूनी आणि सहकाऱ्यांनी प्रकाश ओळखणाऱ्या पेशी नेमक्या कुठे आहेत ते शोधलं, तर त्या पेशी या फुगवट्यांखाली नव्हत्याच, त्यांच्या मधल्या छिद्रांत, पृष्ठभागाजवळ होत्या. म्हणजे फुगवटे हा सांगाड्याचा भाग, डोळा नाही.

पण म्हणून हा प्राणी आंधळा आहे असंही लिहू नका प्लीज. 2020 च्या प्रयोगांत तो दिवसा गडद आकृत्यांकडे बरोबर सरकला, कारण दिवसा त्वचेतलं रंगद्रव्य पसरून प्रत्येक पेशीकडे बाजूने येणारा प्रकाश अडवतं आणि दिशा कळते. रात्री रंगद्रव्य आकसतं, अंग फिकट पडतं आणि ही नजरही जाते. मला तर भिंगांपेक्षा हेच जास्त भारी वाटतं.