सरकारी वकील वेगळा, सरकारने दिलेला वकील वेगळा

पोराला अटक झाली की घरचे कोर्टात धावतात आणि तिथे हमखास कुणीतरी म्हणतं, "वकील परवडत नसेल तर राहू दे, सरकारी वकील असतातच." असतात, पण समोरच्या बाजूला. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एपीपी (सहायक सरकारी वकील) आणि सत्र न्यायालयात पीपी (सरकारी वकील), हे दोघेही सरकारतर्फे खटला चालवतात. जामिनाला विरोध करायलाही तेच उभे राहतात. त्यांना व्हरांड्यात गाठून "साहेब, पोरगं तिथं होतं, पण त्यानं मारलं नाही" असं सांगितलंत, तर पोरगं घटनास्थळी होतं हे तुम्हीच कबूल करून बसलात.

आरोपीला मोफत मिळतो तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. त्याचं मानधन सरकारी असलं तरी वकीलपत्र आरोपीचं असतं, त्यामुळे त्याला सगळं खरं सांगावं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीत असलेल्या माणसाला हा वकील उत्पन्न न बघता मिळतो. कोर्टाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. नाही सापडलं तर 15100 वर फोन करा. कसाबच्या खटल्यात सरकारतर्फे उज्ज्वल निकम होते, तर त्याच्या बचावाला आधी अब्बास काझमी आणि मग के. पी. पवार हे कोर्टाने नेमलेले वकील.

फुकटचा वकील म्हणजे पाट्या टाकणारा, असं सरसकट धरू नका. बऱ्याच जिल्ह्यांत आता पूर्णवेळ बचाव वकील नेमलेत आणि त्यांना खाजगी केसेस घेता येत नाहीत. उलट दागिने मोडून केलेला नामांकित वकील रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, ज्युनिअरला पाठवतो, हेही घडतं.

म्हणून वकील कुठलाही असो, त्याला दोन गोष्टी विचारा. तारखेला स्वतः उभे राहणार का? आणि गुन्ह्यानुसार कोठडीचे 60 की 90 दिवस, हे मोजताय ना? तेवढ्यात पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, मात्र ते दाखल होण्याआधी अर्ज पडायला हवा. "जामिनाची गॅरंटी" देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. आणि प्राधिकरणाच्या वकिलाने फी मागितली, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.